आतल्या चाकाची हवा

दि. ९ जानेवारी

राजमान्य राजेश्री मेहुणे यांस,

नमस्कार विनंती विशेष. इकडील मंडळी खुशाल आहेत. तिकडील खुशाली आपली बहीण रोज फोनवर ऐकते आणि मी विचारले नसतानाही मला सांगते, म्हणून ती येथे वेगळी विचारत नाही.

आपले बोलणे बंद असताना हे पत्र कसे, असा प्रश्न आपणांस पडेल. बोलणे बंद आहे. लिहिणे बंद केल्याचे मी कोठेही जाहीर केलेले नाही. शिवाय फोनवर बोलणे मला अलीकडे पसंत नाही. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले, तरी त्या काळच्या चौथीत पत्राचा मायना छडीने शिकवीत, आणि छडीने शिकलेले विसरत नाही.

मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या भाच्याने, म्हणजे माझ्या सुतार मुलाने, फिरत्या दवाखान्याची जुनी गाडी घेऊन तिचे मोटरहोम केले आहे, हे आपणांस कळले असेलच. जेथे रोगी तपासत, तेथे आता आमचा पलंग आहे. औषधांच्या कपाटात चहा-साखरेचे डबे बसले आहेत. एक शेगडी, एक लहानसा फ्रिज आणि खिडकीला पडदाही आहे. आपली बहीण तिला 'विंचवाचं बिऱ्हाड' म्हणते, पण रोज दुपारी आत जाऊन झाडून येते. इंजिन मी स्वतः पाहिले आहे. त्याविषयी कोणी बोलू नये.

आता आपल्या बहिणीची इच्छा. ती या घरात आली तेव्हापासून आपणां दोघांच्या तोंडून एका रस्त्याच्या गोष्टी ऐकत आली आहे. मी ट्रकचा ड्रायव्हर, आपण माझे क्लीनर, आणि बंदरापासून घाट चढून कागदाच्या गिरणीपर्यंतचा तो रस्ता. तिला तो एकदा पाहायचा आहे. ती म्हणते, "तुम्ही दोघं आयुष्यभर तो रस्ता चघळत बसलात. मला नुसता चोथा मिळाला." पुढील महिन्यात नवा बोगदा सुरू होणार आहे आणि घाटाला कायमचे फाटक लागणार आहे. तेव्हा जायचे तर आत्ताच जायला हवे.

परंतु तिने एक अट घातली. तिचेच शब्द देतो: "भाऊ चाकं ठोकून बघेपर्यंत प्रवासाला म्हणून मी त्या पायरीवर पाय ठेवायची नाही."

मी तिला समजावले की तो जमाना गेला. पूर्वी क्लीनर प्रत्येक थांब्यावर खाली उतरून टायरवर दांडका मारी, आणि टणक आवाज आला तर हवा बरोबर, भद आवाज आला तर कमी, असा निवाडा होई. आपण त्या कामात पटाईत होता. सगळे ड्रायव्हर आपणांस 'ठोक्या' म्हणत, ते उगाच नव्हे. हे मी नाकारत नाही. कोणाचे श्रेय बुडवणे माझ्या रक्तात नाही.

पण आता मुलाने टायरच्या हवेवर पाळत ठेवणारे सेन्सर आणून दिले आहेत. बाटलीच्या बुचाएवढ्या टोप्या असतात. प्रत्येक चाकाच्या वॉल्व्हवर एक टोपी आवळायची. ड्रायव्हरसमोर लहानशी स्क्रीन बसते. तिच्यावर सहाही चाकांची हवा आकड्यांत दिसते. हवा उतरली की स्क्रीनवरचा तांबडा दिवा लागतो आणि ती बोंब मारते. गाडी चालू असताना, न थांबता, न उतरता हे सर्व होते. तात्पर्य, आपले काम आता सहा टोप्या करतील, आणि त्यांना चहा लागत नाही. आपला दांडका आपली बहीण खिडकीला टेकू म्हणून वापरते.

तरी आपणांकडून एकच अपेक्षा आहे. 'गाडी ठीक आहे, खुशाल बसावे' एवढी एक ओळ आपण आपल्या बहिणीस लिहून पाठवावी. येण्याची तसदी घेऊ नये.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी, सर्वांच्या देखत, आपण जे वाक्य बोललात, त्याविषयी मी येथे काही लिहीत नाही. तो विषय माझ्या बाजूने संपलेला आहे.

कळावे.

आपल्या बहिणीचे यजमान



दि. २१ जानेवारी

राजमान्य राजेश्री मेहुणे यांस,

नमस्कार विनंती विशेष. आपले कार्ड पोचले. मी दोन पाने लिहिली होती, आपण तीन ओळी लिहिल्यात. मायना नाही, शेवट नाही. ज्याने शाळेत माझ्यापेक्षा अधिक वर्षे काढली, त्याला हे शोभत नाही.

आपण लिहिता, 'न पाहिलेली गाडी मी पास करत नाही. तुम्हीच शिकवलंत.' शिकवले हे खरे. शिष्याने गुरूची विद्या गुरूवरच चालवावी, हा कलियुगाचा नियम आहे, म्हणून राग नाही.

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांची उत्तरे देतो, म्हणजे नंतर 'उस्तादांनी टाळलं' असे म्हणायला जागा उरणार नाही.

पहिला, रबरी वॉल्व्ह बदलले का. बदलले. टोपीचे वजन थोडे असले, तरी चाक फिरू लागले की ती गोफणीतल्या दगडासारखी ओढ घेते आणि रबरी नळी मुळाशी चिरते. म्हणून सर्व चाकांना धातूचे वॉल्व्ह बसवून घेतले. टायरवाला म्हणाला, "आजोबा, एवढं कोण बघतं!" मी म्हटले, "जो घाट उतरलाय तो बघतो."

दुसरा प्रश्न, आतल्या जोडाला साबण लावला का. आपणांस ठाऊक आहे की मागे दोन्ही बाजूंना जोडचाके आहेत, आणि आतल्या चाकाच्या वॉल्व्हपर्यंत हात नीट पोचत नाही. म्हणून तेथे धातूची वाढीव नळी जोडून तिच्या टोकावर टोपी बसवली आहे. बाहेरच्या सर्व वॉल्व्हना साबणाचे पाणी लावून पाहिले. एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे गळती नाही. आतल्या नळ्यांच्या जोडांपर्यंत ब्रश जात नाही. तेथे मी गाडीखाली पडून कान लावला. फुसफुस नाही. जन्मभर असेच पाहत आलो आहे.

हवा भरली तीही रीतसर, सकाळी, चाके थंड असताना. एका बाजूला ऊन पडू लागले की त्या बाजूचे आकडे चढतात आणि माणूस फसतो. मग एकेका टोपीची स्क्रीनशी ओळख करून दिली. कोणती टोपी कोणत्या चाकाची, हे यंत्राला एकदा सांगावे लागते. आपली बहीण बाहेर खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "एवढी ओळख तर आपल्या लग्नात दोन्हीकडच्या माणसांची करून दिली नव्हती कुणी."

तिसरा प्रश्न, बोंब किती मोठी आहे. पुरेशी आहे.

स्क्रीन चांगली आहे, पण तिचा उजेड समोरच्या काचेत दिसतो. चालत्या केबिनमध्ये दिवा नको, हा माझा नियम आपणांस माहीत आहे. आपण एकदा विडी पेटवलीत तर मी आपणांस उतरवून पुढच्या पुलापर्यंत चालत आणले होते. तेव्हा स्क्रीनवर मी काळी चिकटपट्टी लावली आहे. हवा उतरली तर ती ओरडेल. ओरडणाऱ्याचे तोंड पाहायची काय गरज?

आपण ओळ लिहिली नाहीत, तरी अर्धी मोहीम मी फत्ते केली आहे. येत्या रविवारी आपली बहीण घाटाच्या पायथ्यापर्यंत यायला तयार झाली. वर मात्र नाही. "घाट त्याच्याशिवाय नाही," म्हणते. "अर्धा रस्ता तुमचा, अर्धा त्याचा. अर्धा रस्ता बघायला मी एवढी वर्षं थांबले नव्हते."

मी म्हटले, "तो येणार नाही."

"तुम्ही बोलावलंत?"

मी म्हटले, "पत्र लिहिले आहे."

"पत्रात बोलावलंत?"

बायकांना पत्रलेखनातले बारकावे कळत नाहीत.

रविवारचा वृत्तांत सवडीने कळवीन. तो चांगलाच असेल.

आपल्या बहिणीचे यजमान, व एकेकाळचे आपले उस्ताद



दि. २ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

अनेक आशीर्वाद. मायना बदललेला पाहून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, तुझी बहीण ठणठणीत आहे, आणि गाडीला ओरखडाही नाही. हे आधीच लिहितो, कारण तू पत्र शेवटापासून वाचतोस.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. ऊन स्वच्छ होते, रस्ता मोकळा होता. तुझी बहीण मागच्या बाकावर खिडकीशी बसली होती. मी तिला एकेक ठिकाण सांगत होतो. येथे आपण चिखलात अडकलो. या वडाखाली तू झोपून राहिलास आणि मी पुढच्या गावापर्यंत एकटाच बडबडत गेलो. ती हसत होती. आरशात दिसत होते मला. एवढ्या वर्षांत मी तिला कोठे नेले असेन, तर दवाखान्यात आणि लग्नांना. माझी छाती फुगली होती, लपवत नाही.

पेट्रोल पंप मागे टाकला आणि चढ सुरू व्हायच्या आधीच्या सरळ रस्त्याला लागलो. तेवढ्यात आरशात पाहतो तो ती जागेवरून उठलेली. फ्रिजचे दार उघडते आहे, मिटते आहे. शेगडीला कान लावते आहे. मग वरच्या दांडीला धरत धरत पुढे आली.

"अहो, हे काय किंचाळतंय?"

मी म्हटले, "काही किंचाळत नाही."

"अहो, कान किटले माझे! केव्हापासून चाललंय!"

"फ्रिज असेल."

"फ्रिज नाही, इथेच आहे, तुमच्या नाकासमोर!" आणि तिने हात लांब करून ती काळी पट्टी ओढून काढली.

ठोक्या, तांबडा दिवा लागलेला होता. मागच्या उजव्या बाजूच्या आतल्या चाकाचा. आकडा निम्म्याखाली उतरला होता. यंत्र माझ्यापासून हातभर अंतरावर गळा फाडून ओरडत होते आणि मी तुझ्या बहिणीला वडाची गोष्ट सांगत होतो.

गाडी बाजूला घेतली. शांतपणे घेतली, ब्रेक न दाबता, जशी घ्यायची तशी. खाली उतरलो. आतले चाक बसले होते, सगळा भार बाहेरच्या एकट्यावर आला होता. त्याच्यावर तळहात ठेवला, तर ठेववेना, इतके ते तापले होते. तशीच गाडी घाटाला लावली असती तर काय झाले असते, ते तुला सांगायला नको. तुझ्या बहिणीलाही मी सांगितले नाही, पण तिने ते चाक पाहिले आणि माझे तोंड पाहिले.

ती वाकली. म्हणाली, "इथून येतोय वारा. ही काय फुसफुस."

कोणता जोड असेल, ते तू ओळखले असशील. वाढीव नळीचा. ज्याला मी गाडीखाली पडून कान लावला होता आणि पास केला होता. ती उभी राहून ऐकत होती. मी गुडघे टेकून कान त्याला चिकटवला, तर मला काहीच नाही. शांत. देवळासारखे शांत.

मग तिने आत जाऊन चहा केला. दोघे पायरीवर बसलो. शेजारून गाड्या जात होत्या.

"कधीपासून?" तिने विचारले.

मी विचारले, "काय कधीपासून?"

"सोंग पुरे."

मी कप खाली ठेवला आणि सांगितले. मोठे आवाज येतात. इंजिन ऐकू येते. माणूस समोर असला की बोलणे कळते, काही कानाने, काही ओठांवरून. पण बारीक आवाज गेले आहेत. चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी गेली. फोनवर माणूस ओळखू येत नाही, म्हणून मला फोन पसंत नाही.

ती म्हणाली, "आणि मला वाटायचं, दारावरची बेल नेहमी मीच आधी ऐकते. तुम्ही ऐकतच नव्हतात."

मी म्हटले, "दार उघडायला तू आहेसच."

"हो. मी दारवान."

मग हसली. मीही हसलो. काय करणार?

आता त्या वाक्याविषयी. मी लिहिले होते की तो विषय संपला आहे. तो संपलेला नव्हता. भरल्या घरात, मुलाच्या सासुरवाडीची माणसे जेवायला बसलेली असताना तू म्हणालास, "उस्ताद, तुम्ही आता आवाज ऐकत नाही, तुम्ही आवाज आठवता." सगळे हसले. मी पानावरून उठलो आणि त्या दिवसापासून तुझ्याशी बोललो नाही. तू खोटे बोलला असतास, तर मी तुला तेथेच दोन शब्द सुनावून पुन्हा जेवायला बसलो असतो. चारचौघांत बोलायला नको होते, हे माझे म्हणणे आजही कायम आहे आणि मरेपर्यंत राहील. पण वाक्य बरोबर होते. त्या जोडाला कान लावून मी जी शांतता ऐकली, ती आठवणीतली होती.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी यंत्रे लावली, बटणे दाबायला सांगितली. शेवटी विचारले, "बायकोचं बोलणं ऐकू येतं का?" मी म्हटले, "तिला बारीक बोलताच येत नाही." ते हसले, तीही हसली, आणि बाहेर आल्यावर मला चिमटा काढला. कानात घालायचे यंत्र घेणार आहे. तयार व्हायला वेळ लागेल, आणि सवय व्हायला आणखी वेळ लागेल, असे ते म्हणतात. घाट तोवर थांबणार नाही. डोळेही डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतले. डोळे पहिल्या नंबरचे आहेत. गाडी चालवायला हरकत नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

जोड मी त्या दिवशी तेथेच उघडला. नळीच्या तोंडातली रबरी चकती तिरकी बसली होती. नवी घातली, सरळ आवळली. मग साबण. ब्रश पोचत नव्हता, तेव्हा तुझ्या दांडक्याच्या टोकाला ब्रश बांधला आणि आत घातला. बरोब्बर पोचला. बुडबुडा नाही. ही परीक्षा मी डोळ्यांनी केली आहे, तेव्हा ती धरून चाल. छोटा पंप गाडीत होताच. हवा भरली, वाट पाहिली, आकडा हलला नाही. तेथून सावकाश परत आलो. घरी आल्यावर टायरवाल्याकडून दोन्ही चाके उतरवून आतून बाहेरून पाहून घेतली. इजा नाही.

दांडक्यावरून आठवले. तुझी बहीण तो खिडकीला टेकू म्हणून वापरते, असे मी लिहिले होते. ती वापरत नाही. तो माझ्या सीटखाली होता. ट्रक सोडला त्या दिवशी मी तो काढून घेतला आणि तुला सांगितले नाही. त्याची मूठ तुझ्या हाताने झिजली आहे, माझ्या हातात ती बसत नाही.

आता कामाचे. टोप्या चांगल्या आहेत. यंत्राचा काही दोष नाही, हे मी सर्वांना सांगतो. त्याने आपले काम चोख केले. पट्टी आता काढून टाकली आहे. काचेत दिवा दिसला तर दिसू दे. पण घाटातल्या वळणावर मी दिव्याकडे पाहू की रस्त्याकडे? यंत्र ओरडते. ऐकणारा हवा.

मी तुझ्या बहिणीला म्हटले, "तूच पुढे बस आणि ऐक." तिने मला झापले. म्हणाली, "मी खिडकीबाहेर बघायला येतेय. नोकरीला नाही. ती जागा भरलेली आहे."

तेव्हा माझ्या शेजारची सीट रिकामी ठेवली आहे. विडी चालणार नाही, तो नियम तसाच आहे. बाकीचे नियम वाटेत ठरवू. गाडी तू पाहा, ठोक, साबण लाव, हवे तर पुन्हा सगळे उघड. तू पास केलीस तरच निघायचे. तुझ्या बहिणीला अर्धा रस्ता माझ्याकडून ऐकायचा आहे, अर्धा तुझ्याकडून, आणि वडाची गोष्ट तू वेगळी सांगतोस, हे मला माहीत आहे. सांग. या खेपेस मी मध्ये तोडणार नाही. निम्मी मला ऐकूही येणार नाही.

फाटक लागायच्या आत ये. कळवू नकोस, कळवण्यात दिवस जातात. आणि आलास की दाराची बेल वाजवू नकोस. गाडी अंगणात उभी आहे, आणि दांडका मागच्या पायरीवर ठेवला आहे. सरळ चाकांवर ठोक. तुझी बहीण ऐकेल, आणि तू आलास हे मला तिच्या तोंडावर दिसेल.

वाट पाहणारा, कमी ऐकणारा, पण अजून तुझाच,

उस्ताद